लँडस्केप फोटोतले रंग खरे वाटतच नाहीत, एकतर मळकट नाहीतर भडक. नेमकं काय चुकतंय?

कोवळं_ऊन

नमस्कार मंडळी. वर्ष-सव्वा वर्ष झालं मिररलेस कॅमेरा घेऊन, फिरायला गेलो की निसर्गाचेच फोटो काढतो, माणसांचे फार नाही. फोकस, ट्रायपॉड, फ्रेम कशी धरायची हे आता बऱ्यापैकी जमतंय पण रंगांचं गाडं काही केल्या पुढे सरकत नाहीये.

एक फोटो घेऊनच सांगतो म्हणजे नीट कळेल. संध्याकाळ, सूर्य मावळायला साधारण पाऊण तास बाकी, दुपारी पाऊस पडून गेलेला. समोर तळं, आमच्या बाजूच्या काठाला गवत, पलीकडे झाडांची रांग, त्यामागे डोंगर आणि वर ढग फाटून मध्येमध्ये आकाश. उन्हाची तिरीप गवतावर आडवी आली होती आणि ते गवत असं काही उजळलं होतं की मी आणि बाबा काहीही न बोलता नुसते बघत उभे होतो. घरी येऊन रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) उघडली तर सगळं मळकट, वरून राखेचा हात फिरवल्यासारखं. मग नेहमीसारखं सॅच्युरेशन (सगळ्या रंगांचा भडकपणा) +२५, व्हायब्रन्स (फिक्या रंगांना जास्त उचलणारा स्लायडर) +३०, डिहेझ (धूसरपणा काढणारा) +२०, थोडा कॉन्ट्रास्ट आणि आकाशाला मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, ते जरा गडद केलं. रात्री बघताना भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी बाबांना दाखवला तर म्हणाले, "छान आलाय, पण हे आपण बघितलेलं तळं वाटत नाही." ते ऐकल्यावर मी परत बघितलं आणि खरंच, गवत प्लास्टिकचं वाटतंय, डोंगर जांभळट झालाय आणि झाडांच्या सावल्यांत निळं काहीतरी साचलंय.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवायचं सेटिंग) ऑटो होता, पिक्चर स्टाइल लँडस्केप, रॉ अधिक जेपेग दोन्ही काढले होते. दोन्ही फाइल आणि माझं एडिट लिंकवर टाकलंय. मला तयार प्रीसेट (आधीच ठरवलेली स्लायडरची सेटिंग) नकोय, प्रीसेट बरेच लावून झाले, एका फोटोला बसतो आणि पुढच्याला बसत नाही. मला हे समजून घ्यायचंय की जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्या जवळ जायचं तर सुरुवात कुठून करायची आणि थांबायचं कुठे. सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

रानवाटा

फाइल उतरवून घेतली आणि तासभर तिच्याबरोबर बसलो, म्हणून उत्तराला उशीर. आधी हे सांगतो की तुमचा मूळ फोटो चांगला आहे, एक्सपोजर बरोबर आहे, ढगांचे हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, कुठेही उडालेले नाहीत. गडबड पूर्ण एडिटमध्ये आहे आणि त्यातलीही निम्मी एका जागी आहे, व्हाइट बॅलन्समध्ये.

कॅमेऱ्याने ऑटोवर ४४५० केल्विन धरलंय. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळा. आता बघा, मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा २८०० च्या आसपास, दुपारचं स्वच्छ ऊन ५५००, ढगाळ हवा ६५००, आणि नुसत्या निळ्या आकाशाच्या उजेडातली सावली ७००० ते ८००० किंवा त्याच्याही वर. संध्याकाळचं ऊन दुपारपेक्षा पिवळं-तांबूस असतं, ऑटोला तो पिवळेपणा म्हणजे दोष वाटतो, तो फोटो निळ्याकडे ओढतो आणि तुम्ही ज्या तिरपीसाठी थांबला होतात तीच धुवून टाकतो. मग तुम्ही त्या निळ्या पायावर सॅच्युरेशन चढवलंत, त्यामुळे गवत नाही उजळलं, सावल्यांतला निळा फुगला आणि डोंगर जांभळा झाला. मी दुसरं काहीही न करता फक्त ५४०० वर नेलं (आकडा वाढवला की सॉफ्टवेअर उजेड निळा होता असं धरतं आणि फोटो पिवळ्याकडे नेतं) आणि टिंट, म्हणजे हिरवा-मॅजेंटा स्लायडर, ३ ने मॅजेंटाकडे, बाकी सगळे स्लायडर शून्यावर. एकदा एवढंच करून बघा. गवतात जीव येतो.

एक चूक टाळा, आयड्रॉपर (क्लिक केलेल्या जागेला रंगहीन धरून व्हाइट बॅलन्स लावणारं टूल) घेऊन ढगावर क्लिक करू नका. संध्याकाळचा ढग पांढरा नसतोच, त्याच्या कडेला पिवळं-गुलाबी असतं आणि पोटात निळसर करडं, त्याला पांढरा ठरवलात की संध्याकाळच गेली. निसर्गाच्या फोटोसाठी मी कॅमेऱ्यातच डेलाइट लावून ठेवतो आणि तो बदलतच नाही. मग सकाळ तांबूस येते, ढगाळ दिवस जरासा निळसर येतो, आणि आपल्याला तिथे उभं असताना साधारण तसंच वाटलेलं असतं.

आता रॉ मळकट का दिसते. कॅमेऱ्यामागच्या स्क्रीनवर तुम्ही बघता ती रॉ नसते, रॉच्या पोटात ठेवलेला जेपेग असतो, त्यावर तुमचा लँडस्केप स्टाइल चढलेला असतो. म्हणून तिथे छान आणि कॉम्प्युटरवर फिकट. आणि रॉ म्हणजे 'खरा रंग' असाही गैरसमज नको. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ब्राइस बायरने १९७० च्या दशकात कोडॅकमध्ये असताना काढलेली फिल्टरची जाळी असते, दर चार ठिपक्यांमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात, आणि वर हे फिल्टर प्रकाशाला आपल्या डोळ्यांसारखा तंतोतंत प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे त्या आकड्यांचा रंग करायला एक प्रोफाइल लागतोच, आणि एकच फाइल लाइटरूम, डार्कटेबल आणि रॉथेरपी या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळी दिसते, त्यातली कुठलीच खोटी नसते. तुमच्या एडिटमध्ये लँडस्केप प्रोफाइल लावलेला दिसतो, तो आधीच हिरवा-निळा उचलतो आणि त्यावर तुमचं +२५ आणि +३०. प्रोफाइल बदलून स्टँडर्ड किंवा न्यूट्रल घ्या आणि तिथून निघा.

पुढे मी कॉन्ट्रास्ट दिला, सॅच्युरेशनला हात न लावता. टोन कर्व्हला (उजेड-अंधार कमीजास्त करायच्या रेषेला) हलका एस आकार दिला की लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनल एकमेकांपासून ताणले जातात आणि रंग आपोआप वाढतात. बऱ्याच जणांच्या हे लक्षात येत नाही, आधी सॅच्युरेशन लावतात, मग कॉन्ट्रास्ट, आणि रंग दोनदा चढतो. क्रम उलटा ठेवला तर निम्म्या वेळा सॅच्युरेशनची गरजच पडत नाही.

आता हिरवा. मला विचाराल तर लँडस्केपमध्ये सगळं हिरव्यावर ठरतं. तुमच्या रॉमध्ये डाव्या कोपऱ्यातलं गवत १०० टक्के झूम करून बघा. पाण्याजवळ पात्याचं मूळ मातकट पिवळं आहे, मधला भाग गर्द, टोकाला पोपटी, उन्हाकडे पाठ असलेली पाती निळसर हिरवी, आणि एक झुपका तर पूर्ण वाळलेला, तांबूस. एवढ्याशा चौकोनात पाच-सहा हिरवे आहेत. आता तुमच्या एडिटमध्ये तोच कोपरा बघा. एकच हिरवा. वाळलेला झुपकासुद्धा हिरवा झालाय. नैसर्गिक म्हणजे फिका असं मी अजिबात मानत नाही, निसर्गात चांगले झणझणीत रंग असतात, पण एका रंगातले हे बारीक फरक मेले की आपल्याला लगेच कुठेतरी खटकतं, काय खटकतंय ते सांगता येत नाही एवढंच. तुमच्या बाबांचं तेच झालं असणार.

ते का झालं तेही दिसतंय, कलर मिक्सरमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायच्या स्लायडरमध्ये) तुम्ही यलोचा ह्यू, म्हणजे रंगाची छटा, हिरव्याकडे ढकललाय. गवत आपण हिरवं म्हणतो पण फोटोत त्याचा मोठा भाग यलो स्लायडरच्या ताब्यात असतो, ग्रीनच्या नाही. यलो हिरव्याकडे सरकवला की वाळलेलं, कोवळं, उन्हातलं, सगळं एका रंगात जातं. मी यलोचा ह्यू शून्यावर आणला, यलोचं सॅच्युरेशन -१२, ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) -५, आणि ग्रीनचा ह्यू किंचित पिवळ्याकडे. हे आकडे याच फोटोचे आहेत, दुसऱ्याला लावू नका. स्लायडर हलवताना नजर त्या वाळलेल्या झुपक्यावर ठेवा, तो तांबूस राहिला पाहिजे.

धुकेकरी

रानवाटा यांनी मस्त लिहिलंय. व्हाइट बॅलन्सचं शंभर टक्के मान्य. मी डोंगराबद्दल लिहितो कारण मला तुझ्या फोटोत सगळ्यात जास्त डोंगर खटकला.

डिहेझ +२० पूर्ण फोटोवर लावलंयस ना, तिथे घोळ झालाय. लांबचा डोंगर निळसर आणि फिका दिसतो तो काही हवेचा दोष नाही, त्यावरूनच तर तो लांब आहे हे आपल्याला कळतं. मधल्या हवेतले रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात, रेली या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये मांडलेला नियम आहे, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा ७०० च्या लालपेक्षा जवळपास सहापट विखुरतो. त्यामुळे डोंगर आणि आपल्यामध्ये निळ्या उजेडाचा एक पडदा असतो, जितका लांब तितका जाड. डिहेझ तो पडदा फाडतं, काळे ठिपके आणखी काळे करतं, उरलेला निळा गडद करतं आणि तीन-चार मैलांवरचा डोंगर झाडांच्या मागे आणून चिकटवतं. धुकं मात्र वेगळं, त्याचे थेंब मोठे, ते सगळे रंग सारखेच विखुरतात म्हणून धुकं पांढरं. त्यामुळे धुक्यात निळा दिसला तर तो बहुतेक व्हाइट बॅलन्सचा असतो, हवेचा नाही.

मी काय केलं, डिहेझ शून्य, मग झाडांच्या रांगेच्या अलीकडे मास्क लावून तिथेच क्लॅरिटी (बारकावे उठावदार करणारा स्लायडर) थोडी. डोंगराला हात लावला नाही. लगेच फोटोला खोली आली.

आता एका गोष्टीवर रानवाटा यांच्याशी माझं जमत नाही. सॅच्युरेशनची गरजच नाही असं मला नाही वाटत. बाहेर उन्हात गवत हजारो निट्सचं (निट म्हणजे उजळपणाचं माप) असतं, आपली स्क्रीन शंभर-सव्वाशेची. उजेड कमी झाला की तोच रंग आपल्याला फिका भासतो, याला हंट इफेक्ट म्हणतात, आर. डब्ल्यू. जी. हंट यांनी १९५२ मध्ये दाखवलेला. म्हणजे मोजून अगदी बरोबर रंग जरी स्क्रीनवर आणला तरी तो तिथे पाहिल्यापेक्षा मलूलच वाटणार. वर आपली आठवण. बार्टलसन या रंगसंशोधकाने १९६० मध्ये लोकांच्या आठवणीतले रंग तपासले होते, गवत, आकाश, त्वचा अशा ओळखीच्या गोष्टी, तर लोकांना ते रंग मूळापेक्षा जास्त गडद आठवत होते. म्हणून थोडं वाढवणं हे खोटं नाही, ते स्क्रीनच्या मंद उजेडाची भरपाई आहे. मी व्हायब्रन्स +८ ते +१० एवढंच देतो, सॅच्युरेशन नाही, कारण व्हायब्रन्स आधीच भरलेल्या रंगांना सोडून फिक्यांना जास्त उचलतो.

रानवाटा

धुकेकरी, हे पटलं. माझा मुद्दा क्रमाचा होता, सगळ्यात शेवटी, बाकी जागेवर बसल्यावर व्हायब्रन्स ८-१० मलाही चालेल. फक्त वाढवून झाल्यावर तो वाळलेला झुपका परत एकदा बघायचा.

कागदशाई

सगळे स्लायडरबद्दल बोलतायत, कुणीतरी स्क्रीनबद्दल विचारा की. कोवळं ऊन, तुम्ही रात्री एडिट केलंत असं लिहिलंय. नाइट लाइट चालू होता का? हे विचारतोय कारण माझा स्वतःचा एक पूर्ण महिना त्यात गेलाय. संध्याकाळी सातनंतर कॉम्प्युटर आपोआप स्क्रीन पिवळी करत होता, मला ते माहीत नव्हतं, मी रोज रात्री बसून पिवळेपणा काढायला फोटो निळ्याकडे नेत होतो आणि सकाळी वाटायचं की काल चांगलं होतं, आज काय झालं. चाळीसेक फोटो पुन्हा करावे लागले. फार वाईट वाटलं होतं कारण त्यातले काही प्रिंट करून भेट दिले होते.

जमत असेल तर मॉनिटर कॅलिब्रेट करा, त्यासाठी स्क्रीनवर ठेवायचं छोटं यंत्र मिळतं, ओळखीत कुणाकडे असेल तर एक दिवस मागून आणलं तरी चालतं. त्यात व्हाइट पॉइंट (स्क्रीनच्या पांढऱ्याचा रंग) ६५०० केल्विन, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा चढ) २.२, ब्राइटनेस १०० ते १२० निट्सच्या आसपास. यंत्र नसेल तर निदान ब्राइटनेस उतरवा, घरातल्या बहुतेक स्क्रीन गरजेपेक्षा खूप उजळ असतात, त्यावर फोटो बरोबर वाटतो आणि प्रिंट काळपट येते, मग आपण प्रिंटवाल्याला दोष देतो. खोलीतला दिवा कसलाय, मागची भिंत कुठल्या रंगाची आहे यानेही फरक पडतो. एडिट करताना सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी मध्यम करडी ठेवा, काळ्यावर सगळेच रंग जास्त खुलून दिसतात.

आणि वेबसाठी एक्सपोर्ट करताना एसआरजीबीच, बहुतेक स्क्रीन आणि वेबसाइट धरतात तो रंगसंच. तुमचं एडिट अडोबी आरजीबी या मोठ्या रंगसंचात सेव्ह झालंय, जिथे कलर मॅनेजमेंट नाही, म्हणजे फाइलचा रंगसंच वाचलाच जात नाही, तिथे ते मळकट दिसणार, मग कुणी म्हणेल फिकं आहे आणि तुम्ही आणखी चढवाल. ज्या रंगसंचात काम केलंय त्यापेक्षा ज्यात पाठवताय ते महत्त्वाचं. मोबाइलवर तपासत असाल तर डिस्प्ले व्हिव्हिडवर आहे का तेही बघा, नॅचरलवर ठेवून बघा.

प्रिंट काढायची असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी धरा, स्क्रीनवरचा तो चकाकणारा निऑन हिरवा आणि झगझगीत निळा कागदावर येतच नाही, शाईत तो नसतो. सॉफ्ट प्रूफिंग (प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू करून आधीच बघितलं की वाईट वाटत नाही.

खिशातला_कॅमेरा

मी मोबाइलवर काढतो, माझ्याकडे वेगळा कॅमेरा नाही. यातलं मला काय लागू होईल? माझं आकाश नेहमी खूप निळं येतं आणि झाडं चमकतात.

रानवाटा

बरंच लागू होतं. फोन अनेक फ्रेम जोडून सावल्या उचलतो आणि आकाश दाबतो, त्यात प्रत्येक तुकड्याला वेगळा कॉन्ट्रास्ट मिळतो म्हणून झाडांच्या कडा चमकतात. तुमच्या फोनमध्ये रॉ किंवा प्रो मोड असेल तर तो वापरा, व्हाइट बॅलन्स ५५०० ला लॉक करा. नसेल तर आकाशावर बोट ठेवून एक्सपोजर थोडं खाली ओढा आणि एडिटमध्ये ब्लू आणि यलो या दोघांचं सॅच्युरेशन १०-१५ ने कमी करा, बाकी सोडून द्या. ॲपमधलं 'ऑटो एन्हान्स' मात्र दाबू नका.

कोवळं_ऊन

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं बारकाईने कुणी फाइल उघडून बघेल असं वाटलं नव्हतं. दोन रात्री बसलो (नाइट लाइट खरंच चालू होता, बंद केला!). सांगितलं तसं सगळं शून्यावर आणून सुरुवात केली. न्यूट्रल प्रोफाइल, ५४००, कर्व्ह, यलो -१२, डिहेझ काढलं, शेवटी व्हायब्रन्स +९. झुपका तांबूस राहिलाय. पहिल्यांदाच असं झालं की फोटो बघून मला ती ओली माती आठवली, नुसता रंग नाही दिसला.

दोन प्रश्न राहिले. एक, पलीकडच्या झाडांची पानं अजून पांढरट, पिठूळ दिसतात, तिथे रंग चढवला की लगेच खोटं होतं, न चढवला तर निर्जीव. दोन, याच जागेचा दहा मिनिटं आधीचा एक फोटो आहे ज्यात सूर्य फ्रेममध्ये आहे, त्यात सूर्याभोवतीचं केशरी आकाश एकदम लिंबासारखं पिवळं आलंय, टेम्परेचर कितीही फिरवलं तरी केशरी होत नाही. नवीन फाइल जुन्याच लिंकवर टाकलीये.

रानवाटा

पानांचं उत्तर एडिटमध्ये नाही, पोलरायझरमध्ये आहे. पानाला वरून मेणासारखा थर असतो, त्यात पाऊस पडून गेलेला, म्हणजे प्रत्येक पान छोट्या आरशासारखं आकाश परत फेकतंय. जो पांढरट रंग तुम्हाला दिसतोय तो पानाचा नाहीच, ढगाळ आकाशाचा आहे, पानाचा हिरवा त्याच्या खाली झाकलाय. जे सेन्सरपर्यंत आलंच नाही ते स्लायडर कुठून आणणार. सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, लेन्सपुढे लावा, व्ह्यूफाइंडरमध्ये बघत हळूहळू फिरवा, एका जागी पानांवरची चकाकी जाते आणि खालचा रंग उघडा पडतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा आनंद होईल, हे मी खात्रीने सांगतो. पूर्ण फिरवू नका पण, सगळी चकाकी गेली की ओली पानं कोरडी आणि मेलेली वाटतात, पाऊण वाटेवर थांबा. एक ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), ट्रायपॉड आहेच तुमच्याकडे. आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशावर सगळ्यात जास्त असतो, म्हणून २४ एमएमपेक्षा वाइड गेलात की आकाशात मधोमध एक काळा पट्टा येतो आणि तो नंतर निस्तरता येत नाही.

केशरीचं पिवळं झालं कारण लाल चॅनल फुटलाय. केशरीमध्ये लाल सगळ्यात जास्त, त्याच्याखाली हिरवा, निळा नावाला. एक्सपोजर वाढलं की लाल आधी भरतो आणि तिथेच अडकतो, हिरवा मात्र वर चढत राहतो, लाल अधिक हिरवा म्हणजे पिवळा. आणखी वाढवलं तर पांढरा. तुमच्या त्या फाइलमध्ये सूर्याभोवतीचा पट्टा असाच गेलाय, रॉमध्ये हायलाइट ओढून थोडंफार मिळेल पण पूर्ण नाही, त्यावर वेळ घालवू नका. पुढच्या वेळी नुसता पांढरा हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे उजळ दाखवणारा आलेख) न बघता तीन रंगांचा बघा, लाल उजव्या भिंतीला टेकला की अर्धा ते एक स्टॉप खाली या. सावल्या काळ्या वाटतील पण त्या रॉमधून उचलता येतात, १४ बिट फाइलमध्ये प्रत्येक चॅनलला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये फक्त २५६.

पाणथळ

उशिरा आलो या धाग्यावर. नवीन फाइल बघितली, रंग आता फार छान झालेत, गवत तर हात लावून बघावंसं वाटतं. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही आणि मला पहिल्या नजरेत तीच दिसली. तुम्ही आकाशावर मास्क लावून ते गडद केलंय, तो मास्क अजून तसाच आहे. त्यामुळे पाण्यातलं आकाश वरच्या आकाशापेक्षा उजळ झालंय.

पाणी कधीच मूळ वस्तूपेक्षा जास्त उजेड परत देत नाही. पाण्यावर सरळ वरून बघितलं तर जेमतेम २ टक्के प्रकाश परत येतो, बाकीचा आत जातो. जितकं आडवं बघू तितका वाढत जातो, म्हणून पलीकडच्या काठाजवळचं प्रतिबिंब ठळक आणि आपल्या पायाशी तळ दिसतो. पण कुठेही प्रतिबिंब आकाशाहून उजळ नसतं. मी पाण्याचेच फोटो काढतो म्हणून सवयीने दिसलं, पण ज्याला हे माहीत नाही त्यालाही फोटो बघताना काहीतरी चिकटवल्यासारखं वाटेल. ग्रॅज्युएटेड फिल्टर (आकाशासाठी वरचा अर्धा भाग गडद असलेला) लावणाऱ्यांचंही हेच होतं, दोन स्टॉपची जागा असताना तीन स्टॉपचा लावतात.

रंगाचंही बघा. पाण्यातला हिरवा वरच्या झाडांपेक्षा थोडा गडद आणि मंद असायला हवा, त्यात पाण्याचा स्वतःचा मातकट रंग मिसळलेला असतो, पाऊस झाल्यावर तर जास्तच. तुमच्या फोटोत व्हायब्रन्स सगळीकडे सारखा लागलाय म्हणून प्रतिबिंबातली झाडं काठावरच्या झाडांइतकीच हिरवी आहेत. आकाशाचा मास्क अर्ध्यावर आणा आणि पाण्याला एक वेगळा मास्क, एक्सपोजर -०.३ आणि सॅच्युरेशन -८ च्या आसपास. काठाची रेघ मास्कमध्ये मऊ ठेवा.

धुकेकरी

वा, हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं. आता माझे जुने तळ्यांचे फोटो परत उघडून बघतो.

कोवळं_ऊन

पाणथळ, तुम्ही सांगितल्यावर दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि आता मला पाण्याशिवाय दुसरं काही दिसतच नाहीये. आकाशाचा मास्क -०.८ होता, तो -०.३५ वर आणला, पाणी -०.४ केलं, सॅच्युरेशन -८ ठेवलं. पायाजवळच्या पाण्यात आधी जे दुधी आकाश दिसत होतं ते उतरल्यावर खालचे दगड दिसायला लागले, ते दगड तिथे होते हे मी विसरूनच गेलो होतो. त्यातल्या एका सपाट दगडावर मी बॅग ठेवली होती.

पोलरायझर एका मित्राकडून मागून घेतलाय, पुढच्या पावसानंतर त्याच काठावर त्याच वेळी जाऊन पलीकडची झाडं परत काढणार आहे, एक फिल्टर न लावता आणि एक पाऊण फिरवून, दोन्ही रॉ इथे टाकीन. तिसरी फाइल लिंकवर चढवलीये. बाबांना अजून दाखवली नाही, ते रविवारी येतायत.